पेंचचा तळ

लहानपणीं पारशिवनीस मी एक खोटें बोललों, आणि तें खोटें आहे हें मला ठाऊक नव्हतें. पेंच नदीच्या कांठीं धाकटा भाऊ माझा हात धरून उभा होता. तळांतला गोटा न् गोटा स्वच्छ दिसत होता. "उतर रे, कमरेइतकेंच आहे," मीं म्हटलें. तो उतरला आणि दिसेनासा झाला! जवळच जाळें आवरणाऱ्या धिवरानें त्याला वर काढलें. मला तो रागावला नाहीं, एवढेंच म्हणाला, "मासोळी दिसते तेथं नसते, बाबू, खालतं असते."

उलगडा पुढें शाळेंत झाला. हवेंत सेकंदाला सुमारें ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश पाण्यांत सव्वादोन लाखांवर येतो. बाहेर पडतांना तो वळतो, आणि ४ हात खोल पाणी सरळ वरून पाहणारासही ३ हातच भासतें. कांठावरून तिरपें पाहावें तों आणखी उथळ! १९२१ सालीं समुद्राची निळाई पाहून प्रकाशाच्या विखुरण्यामागें लागलेले चंद्रशेखर वेंकट रामन १९१० मध्यें नागपुरास हिशेबखात्यांत नोकरीला होते. पेंच त्यांनीं पाहिली असेल काय, असें उगाच मनांत येतें.

भाऊ आतां म्हातारा झाला आहे. नदींत उतरतांना तो अजून मला विचारीत नाहीं. काठी बुडवतो. ती पाण्यांत वांकडी दिसते, तिकडे तो पाहतही नाहीं. बाहेर काढून ती कोठवर भिजली तेवढें बोटानें मोजतो.