उरलेला स्क्रू

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरच्या लॅपटॉपला एक चमत्कारिक व्याधि जडली. सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटें तो नीट चाले. मग त्याच्या पोटांतून घरघर ऐकूं येई, तळ तव्यासारखा तापे, आणि कसलीहि पूर्वसूचना न देतां पडदा काळा होई. मांडीवर ठेवून काम करावयाचें यंत्र म्हणून याला लॅपटॉप म्हणतात; परंतु आमचा लॅपटॉप मांडीवर घेण्याचें धाडस घरांत कोणीच करीत नसे. कडेनें थोडा तरी वारा लागावा म्हणून त्याची स्थापना आईच्या पोळपाटावर झाली होती, आणि आई बिचारी ओट्यावरच पोळ्या लाटीत असे.

वडील त्या यंत्रावर चार-पांच दुकानदारांचे हिशेब लिहितात. बेरीज अर्ध्यावर असतां यंत्रानें डोळे मिटले म्हणजे ते कांहीं बोलत नसत; चष्मा काढून धोतराच्या नव्हे, सदऱ्याच्या टोंकानें पुशीत बसत. (धोतर आजोबांबरोबर गेलें.) त्यांचें तें मुकाट्यानें चष्मा पुसणें मला रागावण्यापेक्षां अधिक लागे. एका दुकानांत दाखविलें, तेव्हां तेथील गृहस्थांनीं झांकण न उघडतांच सांगितलें, "सात वर्षें झालीं ना? आतां नवाच घ्या."

मग मीं तो स्वतः उघडण्याची परवानगी मागितली, असें येथें लिहितां आलें असतें तर बरें झालें असतें. मीं ती मागितली नाहीं. वडील दोन दिवसांसाठीं एका लग्नाला साताऱ्यास गेले आणि त्याच दुपारीं मी डिसमिस शोधूं लागलों.

तयारी मात्र मीं कसून केली होती. २००३ सालीं कॅलिफोर्नियांतील काइल वीन्स व ल्यूक सोल्स या दोन विद्यार्थ्यांनीं, बिघडलेल्या संगणकाची दुरुस्ती-पुस्तिका कोठेंच मिळेना म्हणून, 'आयफिक्सिट' नांवाचा उद्योग आरंभिला. आज हजारों यंत्रें कशीं उघडावीं याच्या सचित्र सूचना तेथें कोणालाहि फुकट वाचावयास मिळतात. आपल्याकडेहि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ सुरू केलें. मीं सूचना दोनदां वाचल्या. प्रथम विजेची तार काढावी. मग चालू करण्याचें बटन कांहीं वेळ दाबून धरून उरलीसुरली वीज निघून जाऊं द्यावी. आपल्या अंगावर सांचलेल्या स्थिर विद्युतेनें नाजूक भाग बिघडूं नयेत म्हणून जमिनीशीं जोडलेल्या एखाद्या धातूला हात लावावा. मीं नळाला हात लावला. आईनें विचारलें, "जेवायला बसतोस कां?" मी होय म्हणून जेवूनहि घेतलें.

तळाशीं तेरा स्क्रू होते. त्यांतील दोन रबरी पायांखालीं दडलेले. त्यांच्या डोक्यावरील फुलीचा आकार हेन्री फिलिप्स या अमेरिकन गृहस्थांच्या नांवानें ओळखला जातो. त्यांना त्याचें पेटंट १९३६ सालीं मिळालें. हे स्क्रू दिसावयास सारखे, पण लांबींत वेगळे. आंखूड स्क्रूच्या जागीं लांब स्क्रू पिळला तर तो आंतल्या भागांत घुसून कायमची इजा करतो. म्हणून एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर मीं लॅपटॉपची आकृति काढली आणि प्रत्येक स्क्रू निघाला तसा आपल्या ठिकाणीं ठेवला. ठेवला, चिकटविला नाहीं. हें लक्षांत असूं द्यावें.

झांकणाच्या फटींत बाद झालेलें एटीएम कार्ड सारून मी कडेकडेनें फिरवूं लागलों. आंतील प्लास्टिकच्या खुंट्या एकेक सुटतांना 'टक्' असा आवाज होई, आणि प्रत्येक आवाजाला माझ्या छातींत तसाच एक आवाज उठे. झांकण निघालें. बॅटरी फुगलेली असती तर मी तेथेंच थांबलों असतों, कारण लिथियमच्या बॅटरीला भोंक पडलें तर ती पेट घेऊं शकते. ती सपाट होती. तिची तार सोडविली आणि मग सावकाश आंत पाहिलें.

तें दृश्य मी विसरणार नाहीं. पंख्यामागें तांब्याच्या पातळ पत्र्यांची जाळी होती आणि तिच्यावर सात वर्षांच्या धुळीचा नमदा बसला होता. चिमट्यानें धरून ओढला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा अखंड निघाला. प्रोसेसरपासून त्या जाळीपर्यंत एक चपटी तांब्याची नळी जाते. ती भरीव असेल अशी माझी समजूत होती. तशी ती नसते. तिच्यांतील हवा काढून घेऊन थोडेंसें पाणी आंत कोंडलेलें असतें. तापलेल्या टोंकाला त्याची वाफ होते, वाफ थंड टोंकाकडे धांवते, तेथें उष्णता टाकून पुन्हां पाणी होते, आणि तें पाणी नळीच्या आंतल्या सच्छिद्र अस्तरांतून मूळ जागीं झिरपत येतें. आमटीवरील झांकणाच्या आंतल्या बाजूला थेंब जमतात, तोच हा खेळ! १९६३ सालीं जॉर्ज ग्रोव्हर यांनीं लॉस अलामॉस येथें ही युक्ति सिद्ध केली. पण वाट जाळीशींच बुजली असेल तर बिचाऱ्या वाफेनें उष्णता टाकावी कोठें? प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोंचला कीं स्वतःला जाळून घेण्यापेक्षां काम थांबवितो. वडिलांचा हिशेब अर्ध्यावर टाकणारें हें यंत्र बेइमान नव्हतें, गुदमरलेलें होतें.

आनंदानें मी फुगलों, आणि तेथेंच घात झाला. पंखा पुरता बाहेर काढण्यासाठीं त्याच्यावरून गेलेली कीबोर्डची फितीसारखी तार सोडवावयाची होती. तिच्या तोंडाशीं तांदळाच्या दाण्याएवढी जाड काळी कडी असते. ती वर उचलावयाची. मीं ती ओढली. ती तुटून उडाली. त्याच क्षणीं छताच्या पंख्याचा झोत आला आणि उत्तरपत्रिका स्क्रूंसह फरशीवर गेली.

जाळी साफ केली, प्रोसेसरवरची वाळल्या चुन्यासारखी झालेली पेस्ट पुसून तपकीर गल्लींतून आणलेली नवी लावली, आणि सर्व भाग जागच्या जागीं बसविले. यंत्र एक तास चाललें. तळ कोमट देखील झाला नाहीं. परंतु एकहि अक्षर उमटेना.

वडील दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आले. दिवसभर मी वाक्यें जुळवीत होतों. "आपोआप झालें" या शब्दांनीं सुरू होणारीं वाक्यें पुष्कळ सुचलीं. शेवटीं त्यांनीं पाय धुण्यापूर्वींच मी म्हणालों, "बाबा, मीं तुमचा लॅपटॉप न विचारतां उघडला आणि कीबोर्डची कडी मोडली."

त्यांनीं चष्मा काढून पुसला. "कशी मोडली?"

"उचलायची होती, मीं ओढली."

"वाचलें नव्हतेंस?"

"वाचलें होतें."

ते आंत गेले. आतां काय होतें म्हणून मी उभा राहिलों. ते बॅटरी घेऊन आले. लॅपटॉपची नव्हे, टॉर्च. "मी उजेड धरतों," ते म्हणाले, "तूं बसव."

कडी नसल्यानें तार सैल बसत होती. तिच्या टोंकाच्या पाठीवर मीं उष्णतेला टिकणाऱ्या चिकटपट्टीचे तुकडे एकावर एक लावून जाडी वाढविली आणि ती खांचेंत दाबली. पहिल्या खेपेस अर्धी अक्षरें आलीं, अर्धीं आलीं नाहींत; कीबोर्डची बटनें आडव्या-उभ्या रेषांच्या जाळ्यांत गुंफलेलीं असतात, एक रेषा तुटली कीं तिच्यावरचीं सारीं मुकीं होतात. तिसऱ्या खेपेस सर्व बोलूं लागलीं. वडिलांनीं प्रथम एका दुकानदाराची बाकी उतरवून पाहिली.

झांकण लावून झालें तेव्हां टेबलावर एक स्क्रू उरला. "चालतो आहे ना? राहूं दे आतां, अकरा वाजले," वडील म्हणाले. ते निजले. मला राहूं देववेना. पुन्हां तेरा स्क्रू काढले. या वेळीं प्रत्येक चिकटवून ठेवला. उरलेला स्क्रू पंख्याच्या तिसऱ्या पायाचा होता. तो घट्ट केला, सर्व बंद केलें, आणि अंधारांत एकदां यंत्र सुरू करून कान देऊन ऐकलें. कांहींच ऐकूं आलें नाहीं.

सकाळीं उठून पाहतों तों पोळपाट जागेवर नव्हता. आईनें तो घांसून स्वयंपाकघरांत नेला होता.