दोन फाशांवरची पत

१९९२ सालची मे महिन्याची सुट्टी. डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दादानं आम्हा चौघांना एक खेळ शिकवला. बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या मामानं 'ट्रॅव्हलर'ची तीन छोटी काळी पुस्तकं आणली होती. मार्क मिलरचा १९७७ सालचा अमेरिकी खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. आपापला एक माणूस रचायचा आणि त्याच्या वतीनं बोलायचं. अशा इतर खेळांना वीस बाजूंचे वगैरे फासे लागत, ते आम्ही पाहिलेही नव्हते. याला सापशिडीतले पुरले.

माणसाचे सहा गुण दोन-दोन फाशांवर ठरत: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शिक्षण आणि शेवटी घराण्याची पत. पतीला अकरा पडले तर नावामागे 'सर', बारा पडले तर थेट बॅरन. माझे दोन्ही फासे एकावर थांबले. याहून खाली काही नव्हतंच.

"परत टाकू, दादा?"

"नाही. पण याच्या घराण्याची पत गेली कशानं, ते सांग."

बाबांची कंपनी बंद पडून सात महिने झाले होते. घरातलं बाहेर बोलायचं नाही, असं आईनं बजावलेलं. तरी तोंडून निघून गेलं, "वाण्यानं वही बंद केली."

दादानं मान वर केली नाही. माझ्या माणसाच्या कार्डावर दोनचा आकडा मांडला आणि त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'याच्या वडिलांनी कोणाचं बुडवलेलं नाही.' पुस्तकात असं काही लिहायला जागाच नव्हती.

पुढच्या रविवारी माझा माणूस एका परग्रहावरच्या बंदरात उतरला. दादानं ते थेट कल्याणच्या दुर्गाडीसारखं उभं केलं होतं: ओहोटीचा चिखल, कलंडलेली गलबतं, वर बुरूज. माझ्या माणसाच्या खिशात दमडी नव्हती. दुकानदार झालेल्या दादानं विचारलं, "कोणाचा रे तू?"

मी बाबांचं खरं नाव सांगितलं.

"मग बस आत. वही उघडतो."

त्या रात्री मी कार्ड बाबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, बराच वेळ हातात धरलं. दुसऱ्या दिवशी ते मला कुठेच सापडलं नाही. दादा वर्षभरात नोकरीसाठी परदेशी गेला. त्याला काही सांगायचं राहूनच गेलं.

बाबा गेल्यावर आम्ही ठाण्याला बिऱ्हाड हलवलं. सामान बांधताना रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, त्याच्याच घडीत, माझं ते कार्ड निघालं. पेन्सिलीची ती ओळ पुसट होत गेली असावी. तिच्यावरून बाबांनी शाईनं गिरवलं होतं.