टाचेवरचा भार

आमच्या घरात टाचदुखी बायकांच्या वाट्याला आली. आजीची टाच दुखायची, आईची दुखायची, आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर माझीही दुखू लागली. तिघींची जमीन वेगळी, कामं वेगळी, इलाजही वेगळे. दुखण्याची जागा मात्र एकच: टाचेच्या खाली, किंचित आतल्या बाजूला, अंगठ्याने दाबलं तर कळ मस्तकात जाईल असा एक ठिपका.

आजी वाई तालुक्यातल्या खेड्यात राहायची. विहिरीवरून पाणी आणायचं, चढावरच्या घरापर्यंत डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा घागरी वाहायच्या, मग शेतावर जायचं. टाच ठणकायला लागली की रात्री जेवणं झाल्यावर ती चुलीतल्या निखाऱ्यांत विटेचा तुकडा तापवायची. आम्ही बांधावरून रुईची पानं तोडून आणायची. ‘चिकाचा हात डोळ्याला लावू नका गं,’ हे ती दरवेळी बजावायची, कारण रुईचा चीक डोळ्याला फार वाईट. तापलेल्या विटेवर पानं पसरायची, ती वाफाळली की जाड फडक्याची घडी ठेवून वर टाच टेकवायची. तेवढ्या वेळात तिला कोणी काही काम सांगत नसे. मला आता वाटतं की त्या शेकाने जितका आराम पडायचा, तितकाच त्या सक्तीच्या बसण्यानेही पडत असावा. दिवसभरात ती दुसऱ्या कशासाठी अशी स्वस्थ बसलेली मला आठवत नाही.

पाय वेडावाकडा पडल्यामुळे वात बिघडून जडणारं हे दुखणं सुश्रुतसंहितेत वातकंटक या नावाने आलेलं आहे. म्हणजे माणसं टाच धरून कण्हू लागल्याला फार शतकं झाली. आजीला संहिता ठाऊक नव्हती. तिला रुई ठाऊक होती, एरंडाचं पान ठाऊक होतं, आणि काशाच्या वाटीने तळव्याला तेल चोळायचं ठाऊक होतं. या उपायांना मी कधी हसले नाही. ऊब मिळाली की आखडलेली पोटरी सैलावते, तळव्याला आराम वाटतो. दुखण्याच्या मुळापर्यंत ते पोचत नव्हते, इतकंच.

आई लग्न होऊन पुण्यात आली. दोन खोल्यांच्या त्या घरात तिला सगळ्यात जास्त अभिमान होता तो ओट्याचा. चुलीपुढे उकिडवं बसून, धूर डोळ्यांत घेऊन स्वयंपाक केलेल्या आईची ती लेक. उभ्याने, गॅसवर, खिडकीतून येणाऱ्या उजेडात पोळ्या करायला मिळणं हा तिला मोठा मान वाटे, आणि तो होताच. पण ओट्याबरोबर उभं राहणं आलं. पहाटेचे डबे, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रीच्या पोळ्या, मधली भांडी, सगळं शहाबादी फरशीवर, अनवाणी. स्वयंपाकघरात चप्पल घालणं आमच्याकडे कुणाच्या मनातही आलं नसतं, देव्हारा तिथेच होता.

तिची टाच दुखू लागली तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला. टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूने चोचीसारखा कोंब दिसत होता. ‘हाड वाढलंय’ असं निदान झालं आणि त्या दोन शब्दांनी आईचं पुढचं आयुष्य व्यापलं. प्रत्येक पावलाला ते हाड आतून मांसात रुततंय असं चित्र तिच्या मनात पक्कं बसलं. ती एक्स-रेची फिल्म कपाटात साड्यांच्या घडीखाली जपून ठेवलेली असे, आणि पाहुण्या बायका आल्या की खिडकीसमोर धरून दाखवली जाई. ऑपरेशन करावं लागेल का, ही धास्ती तिला वर्षानुवर्षं होती. आज माहीत आहे की असा कोंब असलेल्या कितीतरी माणसांना टाचदुखीचा मागमूसही नसतो, आणि टाच भयंकर दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेत कोंब नसतो. दुखणं बहुतेक वेळा त्या हाडाचं नसतंच. हे तिला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर टाच लगेच बरी झाली नसती, पण भीती गेली असती. आणि दुखण्यापेक्षा ती भीती तिला जास्त छळत होती, हे मी जवळून पाहिलंय.

माझी पाळी आली ती शाळेत. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. बसून शिकवणं मला जमत नाही. फळ्यापाशी, बाकांमधून, प्रयोगाच्या टेबलाभोवती मी सतत उभी किंवा फिरती असते. त्यात परिपाठ, सुपरव्हिजन, जिन्यातली ड्युटी. मोझॅकची फरशी आणि पायात पातळ तळाची चप्पल. एका पावसाळ्यात सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं आणि भिंत धरावी लागली. चार पावलं चालल्यावर कळ ओसरली, दुपारी विसरायला झालं, संध्याकाळी पुन्हा ठणका. दुसऱ्या दिवशी तेच. सकाळचं पहिलं पाऊल सर्वांत वाईट, ही या दुखण्याची खूणच आहे.

कारण समजून घेणं हा माझा पेशा, म्हणून मी आधी पाऊल समजून घेतलं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पावलाची कमान तो तोलून धरतो. उभं राहून पायाचा अंगठा हाताने वर उचलून पाहा, कमान आपोआप उंचावते. अंगठा वळला की पट्टा त्याच्या मुळाभोवती गुंडाळला जातो, ताणला जातो आणि पाऊल घट्ट होतं. जे. एच. हिक्स या संशोधकाने 1954 मध्ये ही यंत्रणा मांडली. पाऊल उचलताना आपण प्रत्येक वेळी तिच्या जोरावर पुढे जातो. हा प्रयोग मी नववीच्या वर्गात करून घेते, सगळी मुलं बूट काढून एकमेकांच्या कमानी बघतात आणि वर्गभर नुसता आनंद असतो.

रात्री झोपेत पाऊल खाली कललेलं राहतं, पट्टा आखूड होऊन बसतो. सकाळी सगळं वजन एकदम त्याच्यावर येतं आणि टाचेच्या हाडाला तो जिथे जोडलेला असतो तिथे ताण पडतो. तासन्‌तास उभं राहणं, वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी, कडक जमीन यांनी हा ताण रोज साचतो. ‘प्लांटर फॅशियायटिस’ या वैद्यकीय नावात सूज गृहीत धरली आहे. पण 2003 मध्ये हार्वे लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले पन्नास नमुने तपासले तेव्हा त्यांना सूज आढळली नाही, पट्ट्याचे तंतू झिजलेले, विस्कटलेले आढळले. हे वाचल्यावर मला उपचाराची दिशा कळली. जे झिजलंय ते शेकाने किंवा वेदनाशामक गोळीने परत विणलं जाणार नाही. त्याला हळूहळू पुन्हा भार पेलायला शिकवावं लागेल.

ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे मी गेले त्यांनीही हेच सांगितलं. त्यांनी पोटरी तपासली, घोटा वाकवून पाहिला, पाठ सकाळी आखडते का, पायाला मुंग्या येतात का, पडले होते का, हे विचारलं; कारण टाचदुखीच्या आडून संधिवात, शिरेवरचा दाब किंवा हाडाला गेलेली बारीक चीरही असू शकते. मग म्हणाल्या, ‘मॅडम, सकाळी उठल्या उठल्या जमिनीवर पाय टेकवायचा नाही. आधी पलंगावर बसून व्यायाम.’ दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, हाताने बोटं नडगीकडे ओढायची, दहा अंक मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. तळव्यात पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. इतका साधा उपाय, पण पहिल्या पावलाची कळ त्याने ज्या झपाट्याने कमी झाली त्याचं मला अजून अप्रूप आहे.

दुसरी सूचना घरात अवघड गेली. ‘घरातही चप्पल घाला, फरशीवर अनवाणी उभ्या राहू नका.’ आई तेव्हा माझ्याकडेच होती. ती काही बोलली नाही, पण मी ओट्याशी चप्पल घालून उभी राहिले की तिची नजर देव्हाऱ्याकडे जायची. मला तिचं मन मोडायचं नव्हतं आणि टाचही बरी करायची होती. शेवटी एमसीआरची नवी चप्पल आणली, ती कधीच उंबऱ्याबाहेर न जाता फक्त ओट्यापाशी राहील असं ठरलं, आणि देवापुढे जाताना काढायची. आईने त्या जोडीवर हात फिरवून पाहिला. ‘मऊ आहे गं,’ म्हणाली. मग मी तिच्यासाठीही एक आणली. सत्तरी उलटलेल्या आईने आयुष्यात पहिल्यांदा पायात काहीतरी घालून भाकरी थापली.

या चपलेची गोष्ट मला फार मोलाची वाटते. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम केलं. ज्यांच्या तळव्याला संवेदनाच उरलेली नसते त्यांना टोचलेलं कळत नाही, दाब कळत नाही आणि जखमा चिघळतात. त्यांच्यासाठी हा मऊ पण दबून न जाणारा तळ आला. ज्यांना वेदना होत नाही त्यांच्यासाठी घडवलेली ही वस्तू आज वेदना होणाऱ्यांच्या पायात आहे, मधुमेह्यांच्या पायात आहे. आमच्या गल्लीतला चांभारही ती बनवून देतो.

ताण हलका झाल्यावर बाईंनी ताकदीचा व्यायाम दिला. डेन्मार्कमधल्या मायकेल राथलेफ आणि सहकाऱ्यांनी तो अभ्यासून पाहिला आहे. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे अंगठा वर वळलेला राहतो. मग एका पायावर टाच उचलायची: तीन सेकंद वर जाताना, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंद खाली येताना. एक दिवसाआड. आणि जमू लागलं की पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन वजन वाढवायचं. मी पाठीवर सॅक अडकवून त्यात तपासायच्या वह्या भरत असे. घाई चालत नाही. दुखलं तरी थोडं सोसण्यासारखं दुखावं, दुसऱ्या दिवशी वाढलेलं नसावं. शाळेच्या दिवसांत बाई तळव्याला पट्टी चिकटवून द्यायच्या; तिने कमानीला आधार मिळे. रात्री तळव्याखाली गोठवलेली पाण्याची बाटली फिरवायची. त्यासाठी आधी लाटणं सुचवलं होतं, पण लाटण्याला पाय लावणं मला शक्य नव्हतं.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा पर्यायही समोर होता. त्याने काही आठवडे छान आराम पडतो, पण तो टिकतोच असं नाही, आणि पट्टा तुटण्याचा किंवा टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा थोडा धोका असतो. मी ते टाळलं. घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. लग्नघरी कामाला जाणाऱ्या बाईला आठवडाभराचा आराम मोठा असतो. शस्त्रक्रिया तर फारच थोड्यांना लागते. दहातले नऊजण तिच्याविना साधारण वर्षभरात बरे होतात. पण वर्ष हा शब्द रुग्णाला आधी सांगायला हवा. महिन्याभरात गुण नाही म्हणून लोक व्यायाम सोडतात, डॉक्टर बदलतात, खचतात. मला बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून मी टिकले. टाच बरी होत गेली ती लक्षातही न येता. एका सकाळी मी गॅसवरचं दूध उतू जाताना पाहून सरळ पळत गेले, आणि दूध उतरवल्यावर ध्यानात आलं की व्यायाम राहिला होता.

पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा आमच्या शाळेच्या वर्गांत वारकरी उतरतात. त्या वर्षी आम्ही शिक्षिका बायकांच्या पायांना तेल लावायला बसलो. भेगाळलेल्या टाचा, फोड, सुजलेले घोटे. परभणीकडच्या एक आजी म्हणाल्या, ‘सकाळी उठलं की टाच टेकवत न्हाई बघा, मंग माउली चालवती.’ मी त्यांना पदर बोटांमागे अडकवून ओढायचा व्यायाम दाखवला. त्यांनी तो शेजारणीला दाखवला, तिने पुढच्या रांगेत. थोड्या वेळाने अख्खा वर्ग पदर ओढत बसला होता.

पण शाळेत ज्या बायका रोज असतात त्यांचं काय, हा प्रश्न तिथेच पडला. आमच्या सेविका मावशी, खिचडी शिजवणाऱ्या ताई, सगळ्या सकाळपासून उभ्या. त्यांना मी पलंगावरचा व्यायाम शिकवला, करतातही. पण दिवसभर फरशीवर उभं राहायचंच असेल तर एकट्या व्यायामाने किती भागणार? 2025 पर्यंत लागू असलेला कारखाना अधिनियम 1948 सांगायचा की उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय हवी. दुकानांतल्या बायकांसाठी केरळात विजी पेनकूट्टू यांनी लढा उभारला, आणि 2018 मध्ये तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. तमिळनाडूने तो 2021 मध्ये दिला. साड्यांच्या दुकानात शंभर घड्या उलगडून दाखवणाऱ्या मुलीच्या पायांकडे मी आता आधी बघते.

शाळेच्या संस्थेला मी अर्ज दिलाय. प्रत्येक वर्गात शिक्षकांसाठी उंच स्टूल, स्वयंपाकाच्या शेडमध्ये दोन बाकं आणि ओट्यासमोर जाड रबरी मॅट, सेविकांना एमसीआरच्या चपला. खर्चाचा अंदाज जोडलाय आणि खाली मावशींची, ताईंचीही नावं घातलीत, त्यांना विचारून. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो आहे. बैठकीला मी खिचडीच्या ताईंनाही सोबत नेणार आहे. किती तास उभं राहावं लागतं ते त्याच सांगतील.