कान काढून टाकताना

कुत्र्याच्या कानाची रचना मुळातच अडचणीची. त्याची कर्णनलिका आधी उभी खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात आत वळते. मळ, ओल, जंतू, सारे त्या वळणावर साचते. त्यातून आमच्या शेरूसारखा कॉकर स्पॅनिअल असला, की लोंबत्या केसाळ कानाचे झाकणही वर असतेच. वर्षानुवर्षे चिघळत राहिलेली नलिका जाड होत जाते, तिच्यात कॅल्शियम साठून ती हाडासारखी टणक बनते. पडद्यापलीकडे मध्यकर्णात, कवटीच्या तळाशी असलेल्या हाडाच्या फुगीर पोकळीत, पू भरतो. बाहेरून घातलेले थेंब तिथवर पोचत नाहीत.

या अवस्थेत जी शस्त्रक्रिया करतात तिला 'कान बरा करणे' म्हणणे मला भाषेचा गैरवापर वाटतो. संपूर्ण नलिका कापून काढतात, पोकळीची भिंत कोरून उघडतात, आतले अस्तर खरवडतात आणि वरून कातडी शिवून टाकतात. अस्तराचा तुकडा मागे राहिला, तर महिन्यांनी, कधी वर्षांनीही, तिथे पुन्हा गळू उठू शकते. नलिकेला लगटूनच चेहऱ्याची नस जाते. ती दुखावली तर पापणी मिटत नाही. बहुधा काही आठवडे, कधी कायमची.

संमतीपत्रात 'ऐकू येणे कमी होईल' असे वाक्य होते. त्यावरून घरात दोन रात्री वाद झाला. ज्याला बोलता येत नाही त्याचे ऐकणेही काढून घ्यायचे, हे आईला क्रौर्य वाटत होते. डॉक्टरांनी शांतपणे विचारले, "सध्या तो त्या कानाने काय ऐकतो?" बुजलेल्या नलिकेतून त्याला फारसे काही ऐकू येतच नव्हते. आम्ही जपू पाहत होतो ते आमचे हाक मारणे. तो मात्र जबडा उघडताना कळवळायचा आणि भरल्या थाळीपुढे नुसता बसून राहायचा.

डावा कान काढला. तीन आठवडे त्या बाजूच्या डोळ्यात दर चार तासांनी थेंब घालावे लागले, रात्रीसुद्धा. ते आईनेच घातले. लोंबती पाळी बाहेरून होती तशीच आहे. पाहुणे ती कुरवाळतात, त्यांना काही कळत नाही. महिनाभराने शेरूने भाकरीचा कडक पापुद्रा कुडकुडत चावून खाल्ला. उजवीकडून हाक मारली की येतो. डावीकडून मारली, तर आपल्या नादात पुढे चालत राहतो.