बटण, तांदूळ आणि नथ

“हे मोती असे वाकडे काऊन हायेत, ताई?” यवतमाळात मला भाव विचारणारे कमी आणि हे विचारणारे जास्त.

वाकडे आहेत, कारण ते गोड्या पाण्यातले आहेत. समुद्रातल्या कालवात मोती रुजवताना पोटात गोल मणी ठेवतात, त्यावर चकाकीचे थर चढतात. गंमत म्हणजे जपानी समुद्री मोत्याच्या आतला तो मणी बहुधा अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातल्या शिंपल्याचा असतो. गोड्या पाण्याच्या शिंपल्यात सहसा मणी नसतोच. दुसऱ्या शिंपल्याच्या मांसाळ पडद्याचा इवला तुकडा आत सरकवतात आणि पुढचं सगळं शिंपल्याच्या मर्जीवर. म्हणून हा मोती आतपर्यंत मोतीच असतो, फक्त गोल होण्याची हमी कुणी देत नाही.

माझा माल चीनमधल्या झुजीच्या तळ्यांत वाढलेला आणि हैदराबादेत विंधलेला. चारमिनारच्या बाजारातून आदिलाबादमार्गे पैनगंगा ओलांडून तो पांढरकवड्याला येतो, तिथून माझ्याकडे. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाच्या हातून इंग्रजांकडे गेलं, मोत्यांच्या बाबतीत मात्र आम्ही अजून हैदराबादचेच. शिंपले आपल्याकडेही आहेत. पाठीला भोक पाडलेल्या शिंपल्याने कैऱ्या सोललेल्या बायका अजून भेटतात. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा इथल्या मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्या तळ्यांतल्या शिंपल्यांत मोती पिकवण्याची रीत बसवली, आणि हल्ली गणपतीच्या आकाराचे मोतीही तयार होतात. मला ते आवडत नाहीत. तिथे घडवणारा साचा, शिंपला नुसता मुलामा चढवतो.

लड आली की पहिलं काम निवडण्याचं. पांढऱ्या फडक्यावर, सकाळच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली सगळेच मोती निळसर दिसतात आणि मलईचा रंग पांढऱ्यात मिसळून जातो. मलई, पीच, जांभळट हे रंग शिंपल्याचे स्वतःचे. काळा असेल तर तो जवळजवळ नेहमी रंगवलेला, आणि हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते. मग आकार. एका बाजूने चपटे ते बटण, लांबट ते तांदूळ, आणि ज्यांना नाव नाही असे बरेच.

इथे आपले जुने दागिने कामाला येतात. कुडीला बटण मोती हवाच. त्याची चपटी बाजू पाठीकडे गेली की फूल कानाच्या पाळीला नीट चिकटून बसतं. गोल मोत्यांची कुडी उगाच पुढे येते, आणि पदर अडकतो तो तिलाच. तांदळी पोत तर तांदूळ मोत्यांसाठीच जन्मलेली. बारीक सर एकमेकांत पिळले की एकेका दाण्याचा वाकडेपणा दिसतच नाही, दिसते ती चमक.

नथ मात्र हटून बसते. तिला चढत्या-उतरत्या मापाचे, गोल, एका रंगाचे मोती लागतात, आणि गोड्या पाण्यात तसे दाणे शोधायला लडीच्या लडी उसवाव्या लागतात. त्यातही वेज, म्हणजे मोत्याचं भोक, बारीक असतं. मोती विकले जातात वजनावर, म्हणून विंधणारा जास्त खरवडत नाही. तार आत जाईना म्हणून दामटली की कडेचा पापुद्रा उडतो. वेज हाताने रुंद करायचं तर मोती पाण्यात बुडवून, कानशीसारख्या खरखरीत बारीक टोच्याने, आणि दोन्ही बाजूंनी आत यायचं. एका बाजूने आरपार गेलं की पलीकडचं तोंड फुटतं.

सर गाठवताना प्रत्येक मोत्यामागे एक गाठ. रेशमाचा सैल फास घ्यायचा, त्यात टोच्याचं टोक घालून तो मोत्यापर्यंत सरकवत न्यायचा, मग टोच्या काढता काढता नखाने गाठ दाबायची. नख ढिलं पडलं की मध्ये केसाएवढी फट राहते आणि सर तिथेच मान टाकतो. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि तुटला सर तरी एखादाच दाणा कोचाखाली जातो.

आपल्या हवेत मोत्याचा खरा वैरी ऊन आणि घाम. लग्नं वैशाखात, पारा 45 च्या घरात, आणि नवरीच्या गळ्यात सकाळपासून तन्मणी. घामातलं आम्ल चकाकी खातं. ओलं रेशीम ताणलं जातं आणि मळ वेजात शिरतो. वरून अत्तराचा फवारा. हे थांबवता येत नाही, म्हणून मी एवढंच सांगते की अत्तर आधी, मोती नंतर, आणि उतरवल्यावर ओलसर मऊ फडक्याने पुसून आडवे वाळवा. चिंचेने तर घासूच नका. चांदीच्या तारेतली कुडी चिंच लावून लख्ख केलेली माझ्याकडे येते, तेव्हा तार झळकत असते आणि मोती खडूसारखे.

जुने सर मी आनंदाने घेते. आजीच्या पेटीतला माल बहुतेकदा नीट असतो, गेलेला असतो तो दोरा. मजुरी मी गाठींवर लावते. त्यावर घासाघीस होतेच, “मोती आमचेच, दोऱ्याचे एवढे पैसे काऊन?” तेव्हा मी टोच्या पुढे करते आणि एक गाठ स्वतः मारून बघा म्हणते. काहीजणी बसतात. एका काकूंना छान जमली, आणि त्यांनी मग भाव आणखी पाडला.