दोन मुअज्जल

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी धुळ्याला गेलो. जळगावहून एरंडोल, पारोळा करत एसटी पोचेपर्यंत उन्हं डोक्यावर आली होती. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी तलाकनंतर तिथे आईजवळ राहते. वकिलांनी तिचा निकाहनामा मराठीत करून मागितला होता. आईचा फोन आला, ‘‘सर, तुमच्याशिवाय कोण वाचणार?’’

काझीसाहेबांचं अक्षर घाईचं होतं. नावं, गवाह, तारीख सगळं सरळ उतरलं. मेहरच्या रकान्यात मात्र माझी पेन्सिल थांबली. रकमेपुढे लिहिलं होतं, मुअज्जल.

हा शब्द उर्दूत दोन प्रकारे लिहितात. मीमनंतर ऐन असेल तर मेहर मागितल्याबरोबर द्यायची. ऐनऐवजी हमजावाला वाव असेल तर ती नंतर, म्हणजे तलाक किंवा मृत्यूच्या वेळी द्यायची. उच्चार जवळजवळ एकच, अर्थ उलटे. देवनागरीत तर दोन्हींचं स्पेलिंग एकच. वर्गात मी हा फरक इमला लिहून घेताना शिकवतो, चुकलं तर अर्धा गुण कापतो.

इथे अर्ध्या गुणाचा प्रश्न नव्हता. तिनं संसारात असतानाच, चार वर्षांपूर्वी मेहर मागितली होती आणि नवऱ्यानं साफ नाही म्हटलं होतं. तलाकला अडीच वर्षं झाली होती. मेहरच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. ताबडतोब द्यायची मेहर असेल तर मुदत त्या नकारापासून मोजतात, म्हणजे ती संपलेली. नंतर द्यायची असेल तर तलाकपासून, म्हणजे सहा महिने हातात. मी कागद खिडकीशी नेला, भिंग लावलं. वाव होता.

मराठीत मी नुसतं ‘मुअज्जल’ लिहिलं नाही. ‘मुअज्जल, म्हणजे तलाक किंवा मृत्यूनंतर देय’ असं लिहिलं आणि खाली मूळ शब्दाची अक्षरंही सांगितली. 21 जुलै 1998 च्या अधिसूचनेनं राज्य सरकारनं जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. निर्णय चांगलाच आहे. पक्षकाराला आपला खटला कळायला हवा. पण आपल्या घरातले कागद अजून उर्दूत आहेत, आणि मधला पूल कुणीतरी नीट बांधायला हवा.

मग विचारलं, ‘‘बेटा, इतके दिवस का थांबलीस?’’

‘‘सर, दाव्याला हजारो रुपयांची तिकिटं लागतात ना. अम्मीकडे कुठून येणार?’’

कोर्ट फी वाढल्याचं तिनं ऐकलं होतं, आणि ते खरंही होतं. राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली आणि जानेवारी 2018 पासून शुल्क वाढलं. कमाल मर्यादा 3 लाखांवरून 10 लाखांवर गेली. ही बातमी मोहल्ल्यात पोचली. पण त्याच कोर्ट फी कायद्याखाली 1 ऑक्टोबर 1994 ला निघालेली अधिसूचना पोचली नव्हती. पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. ती निघाली तेव्हा ही मुलगी जन्मलीही नव्हती. माफी असलेल्या पैशांच्या भीतीनं तिची अडीच वर्षं गेली.

वकीलसाहेबांनी दाव्यासोबत ती अधिसूचना जोडली. दावा मुदतीत दाखल झाला. निकाल काय लागेल ते अल्लाह जाणे, तारखा पडताहेत.

परत येताना मी स्वतःवरच चिडलो होतो. इतकी वर्षं मुलींना अर्ज लिहायला शिकवतो, तेही सुट्टीचा आणि फी माफीचा. या फी माफीचा अर्ज मात्र कधी शिकवला नाही. आता दहावीच्या वर्गात एक तास त्यासाठी ठेवलाय. तुमच्या घरातला निकाहनामाही एकदा काढून बघा. मीमनंतर काय आहे, ते पाहून ठेवा.