मागच्या धुऱ्याचं दुखणं

मंडळी, आज पुढाऱ्यांवर लिहीत नाही. त्यांच्या मागेपुढे धावणाऱ्या गाड्यांवर लिहितोय. तेही गाडीच्या अशा भागावर, ज्याच्याकडे गाडी विकत घेताना कोणी वाकूनसुद्धा बघत नाही. मागच्या दोन चाकांच्या मधोमध, खाली, जो लोखंडी गोळा दिसतो तो. डिफरन्शियल. आपल्या गॅरेजच्या भाषेत 'डिफर'.

निमित्त असं झालं. तालुक्यातला एक पोरगा आला. म्हशी विकून, बायकोचं गंठण गहाण ठेवून त्याने एक जुनी मोठी गाडी घेतली. (कंपनीचं आणि विकणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे सांगतो.) पिवळी पाटी लावून रीतसर भाडं मारतो. लग्नं, शेगाव, तुळजापूर, रात्री-बेरात्री जालन्याला पेशंट. महिन्याभरात मागून आवाज सुरू झाला. साठच्या पुढं गेलं की 'घुंऽऽ', पाय काढला की बंद. विकणारा म्हणाला टायरचा आहे. पोराने उधारीवर चार टायर टाकले. आवाज तसाच. परत गेला तर उत्तर मिळालं, "या गाडीत एवढा नॉर्मल असतो."

"भाऊ, नॉर्मल आहे तर आधी कामून नव्हता?" हा त्याचा प्रश्न. मला तो बिनतोड वाटला.

हा 'डिफर' करतो काय, ते थोडक्यात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक घासत जाणार. म्हणून मध्ये दातेरी चाकांची अशी रचना, की ताकद दोघांना मिळेल पण फिरणं आपापलं. पेकर नावाच्या एका फ्रेंच माणसाने दोनशे वर्षांपूर्वी, 1820 च्या दशकात, ही युक्ती वाफेच्या गाडीसाठी काढली. आजच्या गाडीत इंजिनाकडून आलेला लांब शाफ्ट पिनियन फिरवतो, पिनियन क्राऊन फिरवतो. पिनियनचे साधारण चार फेरे झाले की चाकाचा एक.

आता आपल्याकडची गंमत बघा. काळी माती, पहिला पाऊस, शेताचा रस्ता. एक चाक चिखलात, एक कोरड्यावर. साधा डिफर सगळी ताकद वाया घालवतो ती चिखलातल्या चाकावर. कोरडं चाक जागेवर उभं, आणि मीटरवर 40 दिसत असेल तर चिखलातलं चाक 80 च्या गतीने गरगरतंय. आतली लहान दातेरी चाकं असल्या फिरण्यासाठी बनवलेलीच नाहीत. वळणापुरती, हळू, एवढंच त्यांचं काम. आपण मात्र अॅक्सिलेटर दाबून धरतो, चार जण मागून ढकलतात, व्हिडिओ निघतो. गाडी निघतेही. पण आत काय गेलं ते दोन महिन्यांनी कळतं.

दुसरा प्रकार नळकांडी पुलांचा. दुधनेला पाणी आलं की आपले लोक थांबत नाहीत. मागचा धुरा पळून पळून गरम झालेला, तो एकदम गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सील किंवा हवेच्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ होतं. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत ज्यांनी ज्यांनी पाण्यातून गाड्या काढल्या, त्यांनी नंतर ते ऑइल उघडून बघितलं का? पूल उंच करा म्हणून आपण निवेदनं देतो, बातम्या छापतो. गाड्यांचा हा खर्च त्या हिशेबात कुठेच नसतो.

आणि ताकद वाढत चाललीय. 2002 ला स्कॉर्पिओ आली तेव्हा इंजिन 110 हॉर्सपॉवरच्या आसपास. आजची पेट्रोल स्कॉर्पिओ-एन 200 च्या पुढं आहे. कंपनी त्या हिशेबाने धुरा देते, ठीक. पण पोरं वरून रिमॅप करतात, ट्रॅक्टरसारखे टायर चढवतात, आणि रील काढायला कोरड्या डांबरीवर फोर बाय फोर टाकून वळतात. साध्या, लिव्हरने टाकायच्या फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या धुऱ्यांच्या मध्ये डिफर नसतो. ताण जाणार कुठं?

पोराला घेऊन मी एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. चाचांनी गाडी सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरीवर नेली. आवाज बदलला नाही, म्हणजे टायर नाही. डावी-उजवीकडे झोल दिला, तरी फरक नाही, म्हणजे चाकाचं बेअरिंग बहुतेक नाही. पाय दाबला की आवाज, सोडला की गप्प. "क्राऊन-पिनियन है पत्रकार साहब, और क्या." मग ऑइल काढलं. काकवीसारखं घट्ट ओघळलं, आणि बोटावर चमकी. चाचा हसले. आवाज दाबायला घट्ट ऑइल भरून गाडी विकायची ही जुनी कला आहे, कोणी तर लाकडाचा भुसासुद्धा घालतात म्हणे.

प्रत्येक आवाज आजार नसतो हेही त्यांनी सांगितलं. काही थारमध्ये आपोआप लॉक होणारा डिफर असतो, तो चिखलात 'टक्' करतो आणि झटका देतो, ते त्याचं कामच. पण क्राऊन-पिनियन बदलायचं तर जोडीनेच, आणि दातांमधली फट डायल गेजने मोजून. चाचांचं गेज फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलेलं आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी हे काम अंदाजाने होतं, आणि मग नवी जोडी सहा महिन्यांत परत रडते.

न बसवता पळवली तर? दात तुटून मध्ये अडकला तर मागची चाकं जाम होऊ शकतात. समृद्धीवर 120 ला, आत सात माणसं. पोरगा एवढं ऐकून गप्पच झाला.

आता कायद्याचं. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही, असं सांगून अशा पोरांना हाकलतात. अर्धं खरं आहे. 2019 च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतली असेल तर तो ग्राहकच. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं, 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही. दोष तपासायला वस्तू प्रयोगशाळेत पाठवायचा अधिकारही आयोगाला आहे. मात्र कागद पाहिजे. "आवाज येतोय" एवढ्यावर भागत नाही. किती वेगाला, पाय दाबल्यावर की सोडल्यावर, सरळ की वळणावर, किलोमीटर किती, हे जॉब कार्डावर लिहून घ्यायचं आणि त्याची प्रत मागायची. लिहीत नाहीत तेव्हा त्याच दिवशी मेसेज करायचा. या पोराकडे यातलं काहीच नव्हतं, विक्रेत्याच्या तोंडी "फुल कंडिशन" शिवाय.

तरी चाचांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय, काढलेलं ऑइल बाटलीत सीलबंद ठेवलंय, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केलाय. सोमवारी विक्रेत्याला स्पीड पोस्टाने नोटीस गेली, 15 दिवसांची मुदत दिलीय. तोवर नाव लिहिणार नाही. गाडी चाचांच्या दारात उभी आहे, हप्ता चालू आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो.